गाडी चालवत न्यावी की टोचन करून?

चिपळूणहून कराडला निघालो की पोफळी सोडल्यावर कुंभार्ली घाट लागतो. काही वर्षांपूर्वी एका प्रशिक्षण शिबिराहून परतताना आम्ही चौघे विज्ञानशिक्षक एका जुन्या मोटारीतून हा घाट चढत होतो. गाडी आमच्यातल्याच एकाची. डिकीत दोन सूक्ष्मदर्शक आणि तक्त्यांची गुंडाळी. घाटातल्या दुसऱ्या-तिसऱ्या वळणावर गाडीने एक चमत्कारिक खोडी काढली. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनाचा आवाज चढायचा, वेग मात्र वाढायचा नाही. उलट कमीच व्हायचा. पाठोपाठ ब्रेक घासल्यावर येतो तसा जळका वास आला. गाडी कडेला घेतली, चाकांमागे दगड लावले आणि वाद सुरू झाला.

गाडीचे मालक म्हणाले, "अजून चालतेय ना? मग थोडी निवू द्या, हळूहळू चढेल. वर पोचलो की पुढे एवढा चढ नाही." दुसरे म्हणाले, "एखादा ट्रक थांबवू आणि टोचन करून खाली नेऊ." तिसऱ्यांचे मत असे, "टोचन कशाला? त्रास क्लचचा आहे ना, मग न्यूट्रल करून उतारावरून सोडून देऊ. पोफळीपर्यंत आपोआप पोचेल." घर्षणाचा पाठ आम्ही चौघांनी मिळून साठेक वर्षे तरी शिकवला असेल. पण या तिन्हींपैकी बरोबर कोणते, ते कारणासह सांगणे एकालाही जमेना.

त्या संध्याकाळी काय झाले ते पुढे येईलच. आधी प्रश्न नीट मांडू. क्लच किंवा गिअरबॉक्स बिघडलेली गाडी पुष्कळदा हलते, चालतेही. त्यामुळे 'चालते का?' या प्रश्नाच्या उत्तरावरून निर्णय घेता येत नाही. विचारायचे प्रश्न दोन आहेत. बिघाडाच्या जागी उष्णता किती तयार होते आहे आणि ती जाते कुठे? आणि जे भाग फिरत आहेत त्यांना वंगण मिळते आहे का? गंमत अशी, की हे दोन्ही प्रश्न गाडी चालवत नेताना जितके महत्त्वाचे, तितकेच ती ओढून नेतानाही. ओढून नेली म्हणजे गाडीला विश्रांती मिळाली, हा समज खरा नाही.

क्लचमधली शेगडी

इंजिन ठरावीक वेगातच नीट चालते. मिनिटाला सात-आठशे फेऱ्यांच्या खाली गेले की ते बंद पडते. चाकाला मात्र शून्यापासून सुरुवात करायची असते आणि चढावर त्याला वेग कमी पण जोर जास्त हवा असतो. लहान दंतचक्राने मोठे दंतचक्र फिरवले की फेऱ्या कमी होतात आणि फिरवण्याचा जोर वाढतो. गिअरबॉक्सचे काम ते एवढेच. गिअर बदलताना इंजिन क्षणभर बाजूला करावे लागते, आणि ते क्लच करतो. इंजिनाबरोबर फिरणारे जड फ्लायव्हील, त्याच्या समोर दाब देणारी तबकडी आणि दोहोंच्या मध्ये घर्षणाचे अस्तर लावलेली क्लच प्लेट, अशी ही रचना असते. स्प्रिंगच्या दाबाने तिन्ही एकमेकांना चिकटून फिरतात. पेडल दाबले की दाब सुटतो.

म्हणजे पाहा, इंजिनाचा सगळा जोर चाकापर्यंत जातो तो केवळ स्थैतिक घर्षणाच्या भरवशावर. तिथे दाते नाहीत की खिळे नाहीत. स्थैतिक घर्षणाला एक कमाल मर्यादा असते हे आपण नववी-दहावीच्या मुलांना लाकडी ठोकळा आणि काटा घेऊन दाखवतो. अस्तर झिजले की ही मर्यादा खाली येते. सपाटीवर लागणारा जोर तिच्या आत बसतो, म्हणून काहीच जाणवत नाही. चढ लागला की मर्यादा ओलांडली जाते आणि प्लेट घसरू लागते. चिपळूणपर्यंत ठणठणीत वाटणारी गाडी घाटात नखरे का करते, त्याचे उत्तर हे. सपाटीवरसुद्धा वरच्या गिअरमध्ये घसरणारा क्लच खालच्या गिअरमध्ये पुष्कळदा धरतो, कारण चाकाला तेवढाच रेटा देण्यासाठी खालच्या गिअरमध्ये क्लचवर कमी जोर येतो.

आता उष्णतेचा हिशेब मांडू. हा वर्गात फळ्यावर करून पाहण्यासारखा आहे. गाडी आणि माणसे मिळून वस्तुमान १२०० किलोग्रॅम, चढ १५ ला १ आणि वेग ताशी ३० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे ८.३ मीटर धरू. चढासाठी लागणारे बल १२०० × ९.८ ÷ १५ म्हणजे ७८४ न्यूटन. टायर आणि हवा यांचा विरोध १७५ न्यूटन धरला तर एकूण सुमारे ९६० न्यूटन. त्याला वेगाने गुणले की शक्ती येते सुमारे ८ किलोवॅट. आता समजा, क्लच प्लेट १०० फेऱ्या मारते तेवढ्या वेळात फ्लायव्हील १२५ फेऱ्या मारते आहे. दोन्हींवरचा जोर सारखाच, फेऱ्या मात्र वेगळ्या. म्हणजे एका बाजूने १० किलोवॅट आत जातात आणि दुसरीकडून ८ बाहेर येतात. उरलेले २ किलोवॅट क्लचमध्येच उष्णता होऊन राहतात. बादलीतले पाणी तापवायचा मोठा हीटर साधारण एवढ्याच शक्तीचा असतो. फरक इतकाच, की इथे बादलीही नाही आणि पाणीही नाही. बंद डब्यातले दहाएक किलो लोखंड तेवढे आहे. लोखंडाची विशिष्ट उष्णता ४५० ज्यूल धरली तर ते मिनिटाला २५ अंशांहून अधिक तापते, आणि जिथे प्रत्यक्ष घासते तो पृष्ठभाग तर याहून कितीतरी जास्त.

खरी अडचण पुढे आहे. अस्तर फार तापले की त्याचा घर्षणांक कमी होतो. घर्षण कमी झाले की घसरण वाढते, घसरण वाढली की उष्णता वाढते. बिघाड स्वतःच स्वतःला खतपाणी घालतो. आमच्या मते गाडी चालवावी की नाही हे ठरवताना पहिली कसोटी हीच लावावी: चालवल्याने बिघाड वाढणार आहे, की आहे तिथेच राहणार आहे? गिअरची केबल तुटून गाडी दुसऱ्या गिअरमध्येच अडकली, तर गैरसोय पुष्कळ होते. पण सपाट रस्त्याने ताशी वीस-पंचवीसच्या वेगाने गॅरेज गाठले तर काही जास्त बिघडत नाही. एखादाच गिअर पडताना खरखरत असेल तर तो टाळून बाकीच्यांवर जाता येते. घसरणारा क्लच घेऊन घाट चढणे मात्र पहिल्या प्रकारातले. आमच्या मालकांनी अर्धा तास गाडी निववून एक प्रयत्न केलाच. शंभर-दोनशे मीटर गाडी झकास गेली, सगळ्यांचे चेहरे उजळले, आणि पुन्हा तोच वास.

न्यूट्रलचा मोह

त्यानंतर तिसऱ्या मताला जोर आला: उलट वळून न्यूट्रलमध्ये खाली उतरायचे. गाडी वळवली. तेवढ्यात घाट उतरणारा एक ट्रक आमच्याशेजारी थांबला. चालकाने चौकशी केली आणि म्हणाला, "सर, काहीही करा, न्यूट्रल तेवढी करू नका. दुसऱ्यात टाका आणि सावकाश सोडा. चढाला सुटलेला क्लच उताराला धरतो." वाक्य एवढेच. त्यातले शास्त्र आम्हाला नंतर बसून जुळवावे लागले.

गिअरबॉक्स हा उतारावर ब्रेकसुद्धा असतो, हे आपण विसरतो. गिअरमध्ये असताना चाके इंजिनाला फिरवत नेतात आणि इंजिन त्यांना विरोध करते. न्यूट्रल केले की हा विरोध गेला आणि सगळा भार ब्रेकवर आला. पुन्हा हिशेब करू. घाट ५०० मीटर उंचीचा असेल तर १२०० × ९.८ × ५०० म्हणजे सुमारे ५९ लाख ज्यूल स्थितिज ऊर्जा कुठेतरी घालवायला हवी. १५ ला १ या उताराने रस्ता साडेसात किलोमीटर होतो. तेवढ्यात टायर आणि हवा तेरा लाख ज्यूल खातील. उरले सुमारे ४६ लाख. ब्रेकच्या तबकड्या आणि ड्रम मिळून २५ किलो लोखंड धरले, तर ही ऊर्जा त्याचे तापमान सुमारे ४०० अंशांनी वाढवायला पुरेशी आहे. वाऱ्याने ते निवते, त्यामुळे प्रत्यक्षात एवढे होत नाही हे खरे. पण ब्रेकचे तेल हवेतले पाणी शोषून घेते. डॉट ३ प्रकारच्या नव्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असावा लागतो. पाणी मुरलेल्या तेलासाठी हीच अपेक्षा १४० अंशांवर येते. तेल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पाय थेट तळाला लागतो आणि गाडी थांबत नाही.

मग जो क्लच चढावर सुटला तो उतारावर कसा धरेल? कारण ॲक्सिलरेटर सोडलेले इंजिन चाकांना जो विरोध करते, तो चढावर त्याने लावलेल्या जोरापेक्षा पुष्कळ कमी असतो. झिजलेल्या अस्तराच्या घर्षणाला तेवढा पेलतो. घसरण नाही म्हणजे उष्णताही नाही.

आम्ही तिघे सूक्ष्मदर्शक घेऊन एसटीने खाली आलो आणि मालक एकटे दुसऱ्या गिअरमध्ये, ताशी वीसच्या आत, गाडी घेऊन पोफळीला उतरले. क्लचने धरले. तरी आज विचार करता वाटते, दिवसाउजेडी आणि थांबायला सुरक्षित जागा असती तर गाडी तिथेच ठेवून सपाट पाट्याची क्रेनगाडी बोलावणे अधिक शहाणपणाचे झाले असते. उतरताना क्लचने पूर्ण दगा दिला असता, तर मालकांच्या हातात ब्रेकखेरीज काही उरले नसते.

तेल कोण उडवते?

आता वंगणाकडे वळू. साध्या गिअरबॉक्समध्ये तेलाचा पंप सहसा नसतो. लहान मोटारीत दोनेक लिटर तेल तळाशी असते, खालची दंतचक्रे त्यात बुडून फिरतात आणि तेल वर उडवतात. तळातून तेल गळू लागले तर पहिल्यांदा एकसुरी घोंघावणे ऐकू येते, मग गिअर जड होतात, मग बेअरिंग जळते. या तेलाला गंधकाची संयुगे घातल्यामुळे एक उग्र वास असतो; एकदा घेतलेला वास विसरत नाही. गाडीखाली त्याचा मोठा डाग दिसला तर गाडी चालवू नये, अगदी दोन किलोमीटरसुद्धा. आणि घोंघावण्याऐवजी ठोके ऐकू आले, तर दात तुटलेला असू शकतो. तुटका तुकडा दोन चक्रांच्या मध्ये सापडला तर गिअरबॉक्स चालत्या गाडीत जाम होतो आणि चाके जागीच अडतात. इथे खर्चाचा नव्हे, जिवाचा प्रश्न असतो.

अशी गाडी दोरीने ओढली तर? जीप किंवा टेम्पोसारख्या, मागची चाके फिरवणाऱ्या वाहनात न्यूट्रल करून आणि इंजिन बंद ठेवून ओढले, तर चाकांमुळे गिअरबॉक्समधला वरचा दंड फिरत राहतो. पण तेलात बुडालेला खालचा दंड इंजिनाकडून फिरतो. तो स्वस्थ असतो. तेल उडत नाही आणि वरचा दंड कोरडा घासत राहतो. थोड्या अंतराला हे चालून जाते. लांब न्यायचे असेल तर ट्रकवाले आधी प्रोपेलर शाफ्ट सोडवतात, ते याचसाठी. पुढची चाके फिरवणाऱ्या लहान मोटारीत डिफरन्शियलचे मोठे चक्र त्याच तेलात बुडालेले असते आणि ते चाकांबरोबर फिरते, म्हणून ती हळू ओढली तर तेवढा धोका नसतो.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची गोष्ट अगदी वेगळी. त्यात तेल हे केवळ वंगण नव्हे, तर काम करणारे हातच आहेत. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. त्यात एक पंखा तेल फेकतो आणि दुसरा त्या तेलाच्या रेट्याने फिरतो. आत एका मध्यचक्राभोवती छोटी चक्रे फिरवणारी रचना असते, आणि कोणते चक्र धरायचे व कोणते सोडायचे हे घर्षणाच्या पातळ चकत्या ठरवतात. त्या चकत्या दाबल्या जातात तेलाच्याच दाबाने. हा दाब देणारा पंप मात्र इंजिनाच्या बाजूने फिरतो.

वर्गात एक सायकल उलटी उभी करा. पेडल फिरवले की मागचे चाक फिरते. आता पेडल सोडून चाक हाताने पुढच्या दिशेने फिरवा. चाक गरगरते, पेडल हलतही नाही. पेडलला तेलाचा पंप जोडला आहे अशी कल्पना करा आणि मुलांना विचारा, चाक फिरवून तेल मिळेल का? ऑटोमॅटिक गाडीचे इंजिन बंद करून ती चाकांवर ओढली की हेच होते. कारण मात्र सायकलसारखे फ्रीव्हील नव्हे. पंप बंद म्हणून दाब नाही. दाब नाही म्हणून चकत्या सुटलेल्या. त्या सुटलेल्या म्हणून चाकांची गती इंजिनापर्यंत पोचत नाही. आणि इंजिन फिरत नाही म्हणून पंप बंद. आतली अर्धी चक्रे मात्र कोरडी फिरत राहतात. ऑटोमॅटिक गाडी धक्का मारून सुरू होत नाही, तिचेही कारण हेच. १९६० च्या दशकापर्यंत काही ऑटोमॅटिक गिअरबॉक्सना चाकांच्या बाजूने फिरणारा दुसरा पंप असे. त्या गाड्या धक्का मारून सुरू होत. पुढे तो पंप गेला आणि सोयही गेली.

म्हणून ऑटोमॅटिक गाडीची जी चाके इंजिनाला जोडलेली, ती रस्त्यावरून उचललेली असली पाहिजेत. चारही उचलली तर उत्तमच. काही गाड्यांच्या पुस्तिकेत ताशी ५० किलोमीटर आणि एकूण ५० किलोमीटर अशी ओढण्याची मर्यादा दिलेली असते, काहींत एक मीटरही ओढू नका असे असते. पुस्तिका म्हणते ते प्रमाण मानावे. चालवत नेण्याबाबत म्हणाल तर तेलाकडे पाहावे. पुष्कळ कंपन्यांचे हे तेल नवे असताना लाल असते. काळपट तपकिरी रंग आणि करपल्याचा वास आला, तर चकत्या जळू लागल्या आहेत. तापमान दहा-अकरा अंशांनी वाढले की तेलाचे आयुष्य निम्मे होते, असा एक ढोबळ नियम आहे. रासायनिक अभिक्रियांचा वेग तापमानाबरोबर कसा वाढतो ते शिकवताना हे उदाहरण वापरता येईल. कधी कधी मात्र गाडी एकाच मधल्या गिअरमध्ये अडकून राहते, त्यापुढे जातच नाही. गाडीच्या संगणकाने दोष ओळखून स्वतःहून केलेला हा बचाव असू शकतो. तेल पुरेसे असेल आणि वास नसेल, तर सावकाश जवळचे गॅरेज गाठायला हरकत नसते.

दोनच पेडल दिसली म्हणजे गाडी या प्रकारची, असेही समजू नये. भारतात २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओबरोबर एएमटी आली. तिच्यात गिअरबॉक्स आणि क्लच साधेच असतात, फक्त पाय आणि हात यंत्राचे. तिचा क्लच घाटात तसाच घसरतो आणि तसाच जळतो. वर, विजेचा दोष होऊन ती गिअरमध्येच अडकली तर न्यूट्रल करता येत नाही. मग चाके उचलण्याला पर्याय नाही. विजेच्या गाडीत तर मोटर सहसा चाकांना कायमची जोडलेली. ओढली की मोटर जनित्र होते, आणि तयार झालेली वीज कुठे जाईल ते आपल्या हातात नसते. ती सपाट पाट्यावर चढवूनच न्यावी.

राहिली दोरी. ओढल्या जाणाऱ्या गाडीचे इंजिन बंद असते, त्यामुळे ब्रेकला मदत करणारा निर्वात दोन-तीनदा पेडल दाबले की संपतो आणि स्टिअरिंगही जड होते. किल्ली काढून घेतली तर स्टिअरिंग लॉक होऊ शकते, हे मागच्या गाडीत बसणाऱ्याला आधी सांगायला हवे. १९८९ च्या रस्तानियमांत ओढणाऱ्या गाडीला ताशी २४ किलोमीटरची मर्यादा होती आणि दोन गाड्यांमध्ये पाच मीटरपेक्षा जास्त अंतर ठेवायला मनाई होती. २०१७ साली या नियमांची जागा नव्या नियमांनी घेतली. पण मदतीशिवायचे ब्रेक आणि पाच मीटरची दोरी घेऊन उतरायचे म्हणजे काय, ते त्या आकड्यांवरून कळते. घाटात दोरीने टोचन करून उतरण्याचा आमच्या दुसऱ्या मित्रांचा बेत आम्ही त्याच वेळी सोडला होता, तो केवळ भीतीपोटी. भीती बरोबर होती.

दुसऱ्या दिवशी गाडी पाट्यावर घालून चिपळूणला नेली. मेकॅनिकने क्लच उघडून दाखवला. अस्तर इतके झिजले होते, की ते धरून ठेवणाऱ्या रिबेटी वर आल्या होत्या आणि फ्लायव्हीलवर त्यांनी गोल चरे पाडले होते. चऱ्यांच्या मधे निळे डाग होते. तापवलेले पोलाद सुमारे ३०० अंशांना निळे पडते. ती जुनी प्लेट आम्ही मागून घेतली. आता ती आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत घर्षणाच्या ठोकळ्यांशेजारी असते, आणि दरवर्षी कोणीतरी तिचा वास घेऊन पाहतो.